झिऱ्यावरची काटी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि चाकूरजवळच्या आमच्या गावात पाण्याचा एकच झिरा उरला होता. काळविटांचा अभ्यास करायला आलेला तो माणूस बोलताना दुर्बिणीची काच सदऱ्याला पुसत राही. त्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी काटेरी फांद्या रचून झिऱ्याभोवती बोराटीची काटी लावली. तहानलेला कळप माळावर ताटकळला होता.

"आदी ढोरं, मग माणसं. हरणांला कुठून द्यावं, साहेब?"

त्याचा हात थांबला. "मलाही माणसांतच धरता ना? मग माझ्या वाट्याची घागर त्यांना द्या."

त्याचे ओठ फुटले होते. वडिलांनी पायानं काटीतली एक फांदी बाजूला सारून वाट केली.

"तुमची घागर तुमीच प्या. बसा, बघा त्यांना पिताना."

"मी बसलो तर ती यायची नाहीत."

रोज दुर्बिणीला डोळे लावणारा तो माणूस मागं वळून न पाहता गावाकडे चालू लागला.