घरच्या विरोधाचा रकाना

त्या रविवारची आठवण निघाली की अजूनही मी विषय बदलते.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमच्या चर्चच्या महिला संघाची मी चिटणीस होते. जगभरातल्या मंडळ्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी एक रविवार पाळायचा, अशी रीत आमच्याकडे नुकतीच सुरू झाली होती. त्यासाठी एक छापील तक्ता यायचा. आपल्याकडच्या एका मुलीची हकीकत त्यात भरायची, उपासनेत वाचून दाखवायची आणि एक प्रत परदेशातल्या मंडळीला पाठवायची. तिकडच्या बायका मग त्या मुलीसाठी प्रार्थना करायच्या, आपल्या सरकारला पत्रं लिहायच्या. काम चांगलं होतं, आजही मला तसंच वाटतं.

मी आमच्या चर्चच्या बोर्डिंगमधली दहावीची एक मुलगी निवडली. पेठ तालुक्याच्या डोंगरातली, गणितात हुशार आणि बोलायला फटकळ. गाव, इयत्ता, आवडता विषय, सगळे रकाने भराभर भरले. एकच राहिला: 'घरचा विरोध'. तो तर नव्हताच. पाचवीत तिला सोडायला आला तेव्हा तिचा बाप पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन गावापासून एसटीच्या रस्त्यापर्यंत चालत आला होता. पण मी रेशन कार्डाच्या अर्जातलाही रकाना मोकळा न सोडणारी बाई. शिवाय विरोधच नाही म्हटल्यावर कुणाला पाझर फुटणार? मी लिहिलं, 'वडील हिचं लग्न लावून देणार होते. आम्ही त्यांची समजूत घातली.'

रविवारी ती मेणबत्ती घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि मी वाचलं. दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मला अगदी भरून आलं. तिच्याकडे बघायचं मात्र मला सुचलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. सगळ्या मुली परतल्या, ती आली नाही. चार दिवस गेले. बोर्डिंगच्या मेट्रनबाईंनी शेजारच्यांच्या फोनवर मला बोलावून घेतलं. "बोर्डाचा फॉर्म शनिवारी बंद होतोय आणि तिची सही नाही," त्या म्हणाल्या. आधी मला ताप आठवला, मग साप आठवला आणि मग लग्न. मी लिहिलेलंच खरं झालं असेल, या धास्तीने मला रात्रभर डोळा लागला नाही. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पहिल्या पाळीला गेला आणि मी पेठची गाडी धरली.

बाप खळ्यावर भात झोडत होता. दारात बोचकी बांधून ठेवलेली होती. भात घरात आलं की ही मंडळी दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जात आणि यंदा निघायला दोनच दिवस उरले होते. एका बोचक्यावर तिची पेटी होती. म्हणजे तीही चालली होती.

त्याने मला बसायला घोंगडी दिली, कोरा चहा दिला आणि मग विचारलं, "बाई, मी पोरीचं लगीन लावत व्हतो, आसं तुमी समद्यांना वाचून दाखवलं?"

फॉर्म, परदेश, रकाना असं मी काहीतरी पुटपुटले.

"मी शिकलेला नाय," तो म्हणाला. "पर तिला शाळंतून काढायचं माझ्या मनातबी नाय आलं. चार वरसं झाली, तिच्या सोयरिकी येत्यात आन् मी परतवून लावतो. गावात त्यापायी बोलून घेतो. आन् तुमच्याकडं मीच वाईट?"

"माझं चुकलं," मी म्हणाले. ते म्हणताना रडू आलं आणि रडण्याचीही लाज वाटली. "पण तिचं वर्ष वाया घालवू नका."

"मी कुठं घालवतो? तीच येत नाय. तिला इचारा."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "जिथं वाचलं तिथंच परत वाचा," ती म्हणाली. "खरं वाचा. मग मी शिकते."

मी कबूल केलं. शनिवारी फॉर्मवर तिची सही झाली. रविवारी बाप आला आणि मागच्या बाकावर पायताण काढून बसला. सगळ्यांसमोर उभी राहून मी वाचलं, "घरचा विरोध: नाही. आधी लिहिलं होतं ते मी मनचं लिहिलं होतं." पाळकसाहेब खाली बघत होते. ती मात्र बापाकडे बघत होती.

परदेशी गेलेल्या प्रतीसाठी मी दुरुस्तीचं पत्र टाकलं. ईस्टरच्या सुमारास उत्तर आलं. त्या बायकांना फार आनंद झाला होता. त्या कठोर पित्याचं मन पालटावं म्हणून आम्ही दर आठवड्याला प्रार्थना करत होतो, ती ऐकली गेली, असं त्यांनी लिहिलं होतं. मी पुन्हा लिहिलं, आणखी स्पष्ट लिहिलं. त्याचं उत्तर आलंच नाही.

ती दहावी झाली, बारावी झाली, पुढे डीएड करून शिक्षिका झाली. नोकरीचा कागद आला त्या आठवड्यात तिचा बाप शेतातली पिशवीभर नागली घेऊन माझ्या दारात उभा राहिला. चहा झाला. निघताना उंबऱ्यावर थांबून त्याने विचारलं, "बाई, त्या लांबच्या बायांना खरं कळलं ना?"

इतक्या वर्षांत त्याने हे एकच विचारलं होतं.

"हो, कळलं," मी म्हणाले.

तो समाधानाने हसला आणि बसथांब्याकडे चालू लागला. पहिलं खोटं मी निदान त्याच्या पाठीमागे लिहिलं होतं.