नवजीवन बँडमधला आश्रुबामामांचा हात

युसूफ वडगावच्या नवजीवन बँडमध्ये आमचे आश्रुबामामा साईड ड्रम वाजवायचे. मिरवायला त्यांचा पोरगा बंकट होता. गोंड्याची टोपी, फुगलेले गाल, हातात क्लॅरनेट. सगळ्या पोरी त्याच्याकडे बघायच्या. मामा मागच्या रांगेत मान खाली घालून उभे. पण वऱ्हाड नाचायचं ते मामांच्या काडीवर. हे बँडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण तो हात ड्रमचा नव्हताच, हलगीचा होता.

छप्पनच्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीनं गावकीची कामं सोडली. पोळ्याला पाटलाच्या दारी हलगी वाजवायची आणि भाकरीसाठी पदर पसरायचा, हे त्यातलंच एक. मामा तेव्हा विशीतले. त्यांनी स्वतःची हलगी स्वतःच चुलीत घातली. चामडं जळलं, लाकूड जळलं, मनगट तेवढं उरलं. त्याची त्यांना लाज वाटे. कुणी "काय हात हाय!" म्हणालं, की चोरीचा माल असावा तसे हात पाठीमागे नेत.

बँड सोसायटीचा होता. तेव्हा आमच्या जिल्ह्यात उसाची, दुधाची, सुताची, सगळ्याची सोसायटी निघायची; मग वाजंत्र्यांनीच काय घोडं मारलं होतं? कॉर्नेट वाजवणारे सर्जेराव चेअरमन. प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरायची. नवरदेव पारावर ताटकळत असे आणि हे लोक पुढचं गाणं मताला टाकत.

सत्त्याऐंशीला दुष्काळ पडला. अर्धी वस्ती ऊसतोडीला गेली. लग्नं टँकरच्या पाण्यावर, बँडाविना उरकू लागली. बँड मोडायची वेळ आली, तेव्हा सर्जेरावांनी औरंगाबादच्या कॅसेट काढणाऱ्या रज्जाकभाईंना भीमगीतांच्या कॅसेटसाठी पटवलं.

औरंगाबादला त्यांच्याकडंच रेकॉर्डिंग सुरू झालं. दुसऱ्याच गाण्यात रज्जाकभाईंनी हात दाखवून सगळं थांबवलं.

"चाचा, ड्रममध्ये हलगी लपवून ठेवली काय? काढा बाहेर. हलगी आली तर कॅसेट निघेल. असले ड्रमवाले माझ्याकडं पन्नास येतात."

"आमी हलगी वाजवत न्हाई," मामा म्हणाले.

"कावून?"

मामांनी काड्या खाली ठेवल्या.

सोसायटीची सभा तिथंच अंगणात भरली. सर्जेराव म्हणाले, "भाऊ, कुणाच्या दारी वाजवायची न्हाई. बाबासाहेबांच्या गाण्याला वाजवायची. ह्यात कसली लाज?"

"लाज तुमच्या मनगटात न्हाई, सर्जेराव. माज्या हाय."

"मग मताला टाकू."

पहिला हात बंकटचा वर गेला. मग एकेक करत सगळ्यांचे. मामांचे दोन्ही हात मांडीखाली होते. ठराव बहुमतानं मंजूर!

हलगी भाड्यानं आणली. ती शेकल्याशिवाय बोलत नाही. मामांनी अंगणात रद्दी पेटवली आणि पाटलाच्या दारी बसत तसे उकिडवे बसून ते हलगी जाळावर फिरवू लागले. बंकट क्लॅरनेट पुसत राहिला. सर्जेराव तोंड धुवायला नळावर गेले. नळाला पाणी नव्हतं, तरी बराच वेळ तिथंच वाकून उभे राहिले.

कॅसेट तुफान चालली. कव्हरवर सर्जेरावांचा फोटो, बंकटचं नाव, रज्जाकभाईंचं तर दोनदा. मामांनी आपलं नाव घालू दिलं नाही. सुपाऱ्या पुन्हा येऊ लागल्या आणि सगळ्यांना ती कॅसेटमधलीच हलगी हवी असे. बँडवाले काहीबाही सांगून वेळ मारून नेत.

श्रावणात पाटलांचे सुंदरराव जीप घेऊन आले. बँडचा सराव चालला होता. ते बंकटला म्हणाले, "आमचे आबा कॅसेट ऐकून उठून बसले. म्हणाले, हा आपल्या आश्रुबाचा हात. पोळ्याला पाठव त्याला. जुन्या जागी वाजवू दे, आबांना बरं वाटंल."

मामा तिथंच दोन हात अंतरावर बसून ड्रमची दोरी आवळत होते. सुंदररावांनी त्यांना विचारलंही नाही.

बंकटचा चेहरा पडला. "आमचे दादा हलगी वाजवत न्हाईत साहेब," तो म्हणाला. "कॅसेटवर औरंगाबादचा भाड्याचा माणूस होता."

"मग आबा चुकले म्हणायचे?"

आता सगळा बँड मामांकडं बघू लागला. मामांनी दोरीची गाठ मारली.

"व्हय," ते म्हणाले. "भाड्याचाच होता. परत न्हाई येनार तो."

जीप गेली. बंकट काहीतरी बोलायला पुढं झाला, तर मामांनी ड्रम गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "चल, वाजव."

आता केजच्या बाजारात त्या भाड्याच्या माणसाचे किस्से चालतात. कुणी म्हणतं तो हैदराबादचा उस्ताद होता, कुणी म्हणतं एका डोळ्यानं आंधळा होता. चहाच्या टपरीवर मामांनाच विचारतात, "आश्रुबा, तुमी व्हता ना तिथं? कसा वाजवायचा हो?"

"बरा व्हता," मामा म्हणतात.

बंकट कप अर्धाच ठेवून उठतो.