आबा भट्टीपासून किती लांब?

दोन घरांत एकच भिंत असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आमच्या धुळ्याच्या कॉलनीतले शेजारचे आबा आणि त्यांची इंजिनिअर लेक प्रतिभा, या दोघांचे तर माझ्याकडे ढीग झालेत. हे मात्र आबांना पेसमेकर बसवल्यानंतरचे.

आबा नरडाण्याला विजेच्या भट्टीवर लोखंड वितळवायचे. डॉक्टर म्हणाले, "भट्टीच्या चुंबकाने छातीतलं मशीन गडबडू शकतं. किती अंतर चालेल ते कळल्याशिवाय जायचं नाही."

आबांचं एकच, "काम सुटनं तं मी घर बसीसन काय करू?"

प्रतिभाचं कामच मुळी कॉम्प्युटरवर असली गणितं करायचं. तिने पडद्यावर भट्टी उभी केली आणि माझा जीव टांगणीला लागला!

*

पहिली पद्धत वेळेचे बारीक बारीक तुकडे करणारी. दोन दिवस कॉम्प्युटर घुमत होता.

"झालं का गं?"

"काकू, ही मोबाईलसारख्या झपाट्याच्या लहरींसाठी. भट्टीचं काम संथ. म्हणजे मुंगीने यावलला चालत जायचं!"

"मग एसटीने जा की!"

*

दुसरी फटाफट. उत्तर आलं, दोन हात अंतर पुरे. आबांनी लगेच डबा घासायला टाकला! प्रतिभा मात्र नखं खात बसली.

"ही फक्त वरवरचं बघते, काकू. हिच्यात आबा आतून एकसारखे. भोपळ्यासारखे."

आतल्या खोलीतून आवाज आला, "भोपया कोनले म्हनस वं?"

*

तिसरीत अख्ख्या शरीराचे छोटे छोटे तुकडे करायचे, छातीपाशी अगदी बारीक. त्याला मापं हवीत. मी ब्लाऊज शिवते, म्हणून टेप माझी. आबांनी पोट आत ओढलं.

"श्वास सोडा आबा, बोहल्यावर नाही चढायचंय!"

हसता हसता माझी बोटं कातडीखालच्या त्या टणक उंचवट्याला लागली. मी टेप तिथे सैल धरली.

*

उत्तर आलं, चार हात. डॉक्टरांना कागद दाखवायचा तेवढा राहिला. प्रतिभाने पेढे आणले. पडद्यावर आबा हात सोडून ताठ उभे होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "असे कुठे उभे राहतात ते? गॅसवरचं दूधसुद्धा वाकून बघतात!"

पेढा तिच्या हातातच राहिला.

तिने पडद्यावरच्या आबांना वाकवलं, गणित पुन्हा लावलं. संध्याकाळी चार हातांवरही छातीवर धोक्याचा लाल डाग उमटला. आबा मागे येऊन उभे राहिलेले तिला कळलंच नाही.

"हाऊ मीच शे ना?"

तिने मान हलवली.  आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "याले मांगे सरकाव ना, बेटा."

तिने पडद्यावरच्या आबांना एक हात मागे सरकवलं. गणित पुन्हा लागलं. लाल तसंच.

"आखो मांगे."

पुन्हा लाल.

"आखो."

असे कितीतरी हात सरकल्यावर लाल गेलं, तेव्हा पडद्यावर भट्टी दिसतच नव्हती. एकटे आबा, वाकून बघत उभे.