ठकीची बाबागाडी आणि ताईचा नंबर

लिफ्टवाल्याला धावायची हौस कधीच नव्हती. माणसांना जिने चढावे लागू नयेत म्हणून जो दिवसभर खपतो, त्याने स्वतः उगाच धावत सुटावं, हे त्याला धंद्याशी बेइमानी केल्यासारखं वाटायचं. अंगाने तो आडवा होता आणि स्वभावाने सबुरीचा. दोर तपासणं, ग्रीस घालणं, लोकांनी दाराच्या फटीतून खाली पाडलेल्या किल्ल्या काढून देणं, यात त्याची हयात चालली होती आणि त्याची काही तक्रार नव्हती.

धावायचं होतं ते त्याच्या ताईला. ताई शाळेत भूगोल शिकवायची. चाळिशी उलटल्यावर तिला धावण्याचं वेड लागलं आणि शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी तिने वर्षभर जिवाचं रान केलं. घरी आलेल्या पाहुण्यांनाही ती आधी बूट दाखवायची, मग पाणी द्यायची.

शर्यत पंधरा दिवसांवर आली असताना तिच्या इमारतीतल्या लिफ्टचा दोर बदलायचं निघालं. काम लिफ्टवाल्याकडेच होतं. त्याने रीतसर प्रत्येक मजल्यावर पाटी लावली: 'लिफ्ट बंद आहे. जिना वापरा.' ताईने पाटी वाचली, आयताच सराव होतोय म्हणून ती खूश झाली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत खाली निघाली. पहिल्या मजल्यापर्यंत सगळं ठीक होतं.

लिफ्टवाला तेव्हा लिफ्टच्या टपावर, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये उभा होता. त्याला फक्त आवाज ऐकू आला.

"कोण पडलं?" तो आतून ओरडला.

"मी!"

"मी कोण?"

"मी कोण काय विचारतोस, मेल्या? तुझी ताई!"

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर गुडघ्यापर्यंत चढलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टवाला भेटायला गेला, तर ताई पाय उशीवर ठेवून बसली होती आणि तिच्या मांडीवर शर्यतीचा नंबर छापलेलं कापड होतं.

"माझ्याऐवजी तू धावायचंस," ती म्हणाली. "मी फोन करून नाव बदलून घेतलंय."

"मी?"

"लिफ्ट कुणी बंद केली होती?"

"पाटी लावली होती, ताई."

"पाटीवर 'सावकाश उतरा' असं लिहिलं होतं का?"

लिहिलं नव्हतं. लिफ्टवाला सरळ माणूस. त्याने मान खाली घातली आणि तोच होकार समजला गेला.

आता प्रश्न उरला ठकीचा. ठकी ही त्याची मुलगी, वय वर्षं अडीच. तिची आई इस्पितळात नर्स होती आणि शर्यतीच्या रविवारी तिची सकाळची ड्युटी होती. एरवी असल्या वेळी ठकी आत्याकडे राहायची. पण आत्याला आता चालता येत नव्हतं, आणि ठकीला चालणं मुळात ठाऊकच नव्हतं. ती एकतर पळायची, नाहीतर रस्त्यात आडवी पडायची.

"गाडीत घालून घेऊन जा," बायको म्हणाली. "रोज संध्याकाळी बाजारात ढकलतोसच की."

"बाजारात मी पळत नसतो."

"म्हणूनच कंटाळते ती."

बाबागाडी साधीच होती. तिचं पुढचं एक चाक चालताना लटलट हलायचं, जणू त्याला वेगळ्या गावाला जायचं होतं. लिफ्टवाल्याने ती गाडी कारखान्यात नेऊन नट-बोल्टपर्यंत सुटी केली. बेअरिंग नवे घातले, मागे मोठी चाकं बसवली, आणि दांड्याला एक जाड पट्टा शिवून घेतला, तो मनगटात अडकवायचा. लिफ्टच्या धंद्यात दोर तुटणारच असं धरूनच सगळं बसवायचं असतं. हात सुटला तरी गाडी सुटता कामा नये. बरोबरच्या माणसांनी विचारलं, "ही गाडी आता किती माणसांची?" तो म्हणाला, "एकीचीच. पण ती हलते फार."

मग रोज पहाटे बापलेक सरावाला जाऊ लागले. पहिल्या दिवशी तो दुधाच्या दुकानापर्यंत धावला आणि तिथल्या पायरीवर बसून राहिला. दुकानदाराने न विचारता पाणी दिलं. ठकीने पुढे वाकून बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "संपलं?"

शर्यतीच्या दिवशी मैदानावर माणसांचा नुसता पूर आला होता. ताई आधीच पोचली होती. शेवटच्या रेषेजवळ घडीची खुर्ची टाकून, कुबड्या बाजूला ठेवून बसली होती. लिफ्टवाल्याच्या छातीवर तिने स्वतःच्या हाताने नंबर टाचला. टाचून झाल्यावर तो उगाच दोनदा नीट केला, आणि मग एकदम म्हणाली, "जा आता. इथे थांबू नकोस." तिने मान फिरवून दुसरीकडे बघितलं. लिफ्टवाल्याने गाडी वळवली आणि तो गेला.

सुरुवातीच्या रेषेपाशी टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी त्याला अडवलं. शर्यतीची व्यवस्था त्यांच्याकडे होती.

"बाबागाडी चालणार नाही."

"का?"

"नियम आहेत." त्यांनी कागद काढला. "सायकल नको, चाकाचे बूट नकोत, पाळीव प्राणी नकोत."

"मग ही यातली कोण?" लिफ्टवाल्याने खरोखरच विचारलं.

गृहस्थांनी ठकीकडे बघितलं. ठकी स्वतःच्या पायातल्या बुटाची नाडी चावत होती. प्राण्याच्या कलमावर त्यांची नजर क्षणभर घुटमळली, पण ते भले होते. "बरं, सगळ्यात मागे उभे राहा," ते म्हणाले. "पुढे सोडलं तर लोकांच्या टाचा फोडाल."

सगळ्यात मागे दोनच गोष्टी होत्या. एक रुग्णवाहिका आणि दुसरी, थकलेल्यांना उचलून आणणारी व्हॅन. व्हॅनचा ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून बसला होता. त्याने लिफ्टवाल्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मागचं दार उघडून ठेवलं.

शर्यत सुटली. पुढचे निघून गेल्यावर बऱ्याच वेळाने मागच्यांना कळलं. लिफ्टवाला आपल्या चालीने धावू लागला, म्हणजे बघणाऱ्याला तो बस पकडायला निघालेला आणि बस मिळण्याची आशा सोडलेला माणूस वाटला असता. पण आश्चर्य म्हणजे थोड्याच वेळात त्याने काही जणांना मागे टाकलं. गप्पा मारत चालणाऱ्या दोन बायका, एक वयस्क जोडपं, आणि नंतर एक तरुण. या तरुणाच्या मनगटावर वाटीएवढं घड्याळ होतं. बाबागाडी शेजारून पुढे जाते आहे हे बघितल्यावर तो असा काही सुसाट सुटला की दिसेनासा झाला. पुढच्या वळणावर तो कमरेवर हात ठेवून चालत होता. बाबागाडी जवळ आली, पुन्हा सुटला. असं चार-पाच वळणं चाललं. ठकीला वाटलं हा खेळ आपल्यासाठीच आहे. तो दिसला की ती टाळ्या पिटायची.

"किती वर्षांची आहे?" शेवटी त्याने धापा टाकत विचारलं.

"अडीच."

"नाही, म्हणजे... तयारी किती वर्षांची आहे तुमची?"

"पंधरा दिवसांची."

त्याने आपल्या घड्याळाकडे बघितलं आणि तो पुन्हा सुटला.

पुलावर ठकीने एक बूट काढून फेकला. बूट रस्त्याच्या पलीकडे गेला. लिफ्टवाला गाडी वळवून उलटा धावला, आणि मघाशी मागे पडलेले सगळे परत एकदा पुढे गेले. दोन बायका जाताना म्हणाल्या, "अहो, तिकडे नाही, इकडे!" बूट घालून झाल्यावर ठकीने दुसरा काढला. त्याने दोन्ही बूट खिशात कोंबले. आता धावताना ते मांड्यांवर आपटायचे.

अर्धं अंतर पार झालं आणि ठकी म्हणाली, "बाबा, शू."

चड्डीत करायची नाही, सांगायचं, हे ठकी नुकतीच शिकली होती, आणि घरात त्याचं केवढं कौतुक चाललं होतं. तिने सांगितलं आणि बाप थांबला नाही, असं झालं असतं तर सगळं मुसळ केरात. रस्त्याच्या कडेला तात्पुरते संडास उभे केले होते. त्यांच्यापुढे भली मोठी रांग. घड्याळवाला सगळ्यांत पुढे होता.

"मुलीला घाई आहे," लिफ्टवाला म्हणाला.

"मलाही आहे," घड्याळवाला म्हणाला. मग त्याने ठकीकडे बघितलं. ठकीने दोन्ही पाय आवळून धरले होते आणि ती त्याच्याकडे एकटक बघत होती. "जा," तो म्हणाला आणि स्वतः रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

आत जेमतेम एक माणूस मावेल एवढीच जागा होती. लिफ्टवाल्याला अडचणीच्या जागेची सवय, म्हणून निभावलं. बाहेर सगळी रांग कान देऊन उभी होती. आतून आवाज आला, "झाली! शाब्बास!" आणि रांगेतल्या घामाघूम अनोळखी माणसांनी एकसाथ टाळ्या वाजवल्या. ठकी बाहेर आली ती मान वर करून, जिंकल्यासारखी. पुढे शेवटच्या रेषेवर कुणाला खऱ्या विजयाबद्दल इतक्या मनापासून टाळ्या मिळाल्या असतील की नाही, शंकाच आहे.

त्यानंतर ती गाडीत बसेना.

"मी ढकलणार."

"अगं, नंतर ढकल."

"मी!"

त्याने उचलून बसवायला घेतलं तर ती फळीसारखी ताठ झाली. ताठ झालेलं मूल गाडीत घालायची युक्ती अजून कुठल्याही कारखान्यात निघालेली नाही. तेव्हा ठकी गाडी ढकलू लागली आणि लिफ्टवाला मनगटात पट्टा अडकवून शेजारून चालू लागला. गाडी सरळ जायची नाही. आधी फुटपाथकडे, मग दुभाजकाकडे. वयस्क जोडपं पुढे गेलं. मागून व्हॅन आली आणि ठकीच्या वेगाने सरकू लागली.

"बसता का?" ड्रायव्हरने विचारलं. "उगाच जिवाला त्रास. रस्ता आता खुला करायचाय."

लिफ्टवाल्याचे पाय भरून आले होते. मागचं दार उघडंच होतं, आणि आत गादीची सीट होती. बसलं तर कुणी काही म्हणणार नव्हतं. ताईसुद्धा नाही, आणि तेच त्याला खटकलं. ताई नुसती 'बरं' म्हणाली असती, कुबड्या घेतल्या असत्या आणि घरी गेली असती.

"नाही बसत," तो म्हणाला.

"मग तिला तरी बसवा."

"ती बसली असती तर मी इथे असतो का?"

ड्रायव्हरने विचार केला. मग त्याने हॉर्न वाजवला आणि खिडकीतून ठकीला म्हणाला, "ए बाई, माझ्या गाडीला वाट दे. तुझी गाडी मध्ये आली."

ठकीने व्हॅनकडे बघितलं. ती केवढी मोठी आहे ते बघितलं. आणि कुणी काही न सांगता आपल्या गाडीत चढून बसली आणि म्हणाली, "चल."

लिफ्टवाला धावला. खरंच धावला. शेवटची चढण आली तेव्हा त्याच्या कानात रक्ताचा आवाज येत होता आणि घशात लोखंडाची चव. चढण संपली, आणि त्याच्या लक्षात आलं की पुढून बराच वेळ काही ऐकू आलेलं नाही. त्याने वाकून बघितलं. ठकीची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड उघडं होतं. गाढ झोपली होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडी थांबली की ठकी जागी होते. आणि अर्धवट झोपेतून जागी झालेली ठकी ही फक्त तिच्या घरच्यांचीच नाही, आख्ख्या गल्लीची समस्या असते.

मैदानात शिरताच लाउडस्पीकर गरजला, "आणि आता येत आहेत..." ताईने दुरून भावाचा चेहरा बघितला, ओठांवरचं बोट बघितलं, आणि कुबडी उचलून लाउडस्पीकरवाल्याच्या पाठीत खुपसली. लाउडस्पीकर बंद झाला. लोकांना आधी कळेना. मग कळलं, आणि कडेची सगळी माणसं चिडीचूप झाली. काहींनी टोप्यासुद्धा काढल्या, का ते त्यांनाच माहीत. अशा शांततेत लिफ्टवाला रेषेवरून गेला आणि न थांबता पुढे निघून गेला.

टोपीवाले गृहस्थ पदक घेऊन त्याच्यामागे धावले. पदक त्याच्या गळ्यात पडेपर्यंत दोघेही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते.

मग लिफ्टवाला ताईच्या खुर्चीभोवती घिरट्या घालू लागला. जवळून जाताना एकेक वाक्य व्हायचं.

"शेवटून दुसरा आलास," ताई कुजबुजली.

तो एक फेरा घालून आला. "शेवटचा कोण?"

पुढच्या फेरीला उत्तर मिळालं. "सकाळी वाटीएवढं घड्याळ मिरवत होता, तो. अजून यायचाय."

"तो रांगेत असेल."

ताईला काही समजलं नाही, पण तिने विचारलं नाही. पुढच्या फेरीला ती म्हणाली, "मला वाटलं होतं, मला बघवणार नाही. सगळे धावताहेत आणि मी खुर्चीत."

तो फेरी पूर्ण करून येईपर्यंत ती थांबली.

"बघवलं," ती म्हणाली.

लिफ्टवाल्याला वाटलं, आता तिच्याजवळ बसावं. पण थांबायची सोय नव्हती. "ताई, बसता येत नाही गं," तो जाता जाता म्हणाला, "नाहीतर बसलो असतो."

तो परत आला तेव्हा ताई उठली होती. कुबड्या काखेत घेऊन, प्लॅस्टरचा पाय अधांतरी धरून ती त्याच्या शेजारून चालू लागली. टक, टक. त्याने आपली चाल कमी केली. गाडी चालू राहील आणि ताई मागे पडणार नाही, एवढीच ठेवली.

"धावताना खांदे कानाला लावतोस तू," ताई म्हणाली. "आणि पाय असे टाकतोस, जणू जमीन कुणाकडून उसनी आणलीय."

"हो का?"

"फार वाईट धावतोस."

"बरं," लिफ्टवाला म्हणाला, आणि दोघं मैदानाच्या सावलीच्या बाजूला वळली.