उलटी हाक

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात सहा खुर्च्या होत्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईंना सगळे ‘पत्तेवाली’ म्हणायचे. नव्याने कामाला लागलेल्यांना वाटायचं, बाईंना पत्त्यांचा नाद दिसतोय. एका मुलीने तर दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांचा कॅट आणून पुढ्यात ठेवला होता. पत्तेवालीला साधी रमीसुद्धा येत नव्हती. तिला यायचे ते माणसांचे पत्ते.

फोनवर तिचा आवाज ऐकला तर वाटावं, या बाईने आयुष्यात कसली काळजी म्हणून केली नसेल. पण टेबलाखाली वाकून पाहिलं असतं तर डावा पाय सारखा हलताना दिसला असता. फोन लांबला की चप्पल सुटून शेजारच्या खुर्चीखाली जायची. शेजारीण काही न बोलता ती पायाने परत सरकवायची.

पत्ते तिला वडिलांकडून मिळाले होते. ते पाणीखात्यात मीटर वाचायचे. पस्तीस वर्षं त्यांनी शहराची गल्ली न् गल्ली पायाखाली घातली. लोक आधी पाणी कमी येतं म्हणून भांडायचे, भांडण संपलं की चहा द्यायचे आणि चहाबरोबर गोष्ट सांगायचे. मग संध्याकाळी जेवताना त्या गोष्टी बाबांच्या तोंडून घरी यायच्या. ‘शेवटचं घर’ नावाचा भाग शहराच्या ऐन मध्यावर का, तर कधीकाळी शहर तिथेच संपायचं. ‘बहिऱ्यांची गल्ली’ हे नाव तिथे बॉयलर ठोकणारे कारागीर राहायचे म्हणून पडलं, चाळिशीपर्यंत सगळ्यांचे कान गेलेले असायचे. ‘चुकलेली शाळा’ कंत्राटदाराने भलत्याच जागेवर बांधली आणि मग पाडायचा कोणालाच धीर झाला नाही. एकेका नावाला दोन-दोन, तीन-तीन गोष्टी.

“बाबा, यातली खरी कुठली?” ती विचारायची.

“जिच्यावर दुसरा कप मिळाला ती,” बाबा म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

तेव्हा तीही हसायची. पुढे हसू गेलं.

गेलं ते बारा वर्षांपूर्वी. एका सकाळी फोन आला, ‘पांढऱ्या भिंतीपाशी’ कोणाच्या तरी छातीत कळ आली आहे. इस्पितळामागची पांढरी भिंत सगळ्यांनाच ठाऊक. तिने गाडी तिकडे धाडली. पण शहराच्या दुसऱ्या टोकालाही लोक एका जागेला पांढरी भिंत म्हणत. तिथे फार पूर्वी चुन्याची भट्टी होती. आता ना भट्टी, ना भिंत, नुसतं नाव उरलेलं. अकरा मिनिटं वाया गेली आणि तिथली किराणा दुकानवाली काकी गेली. चौकशीत शेरा पडला, ‘पत्ता अपुरा’. पत्तेवालीला कोणी एक शब्द बोललं नाही. कोणीतरी बोलायला हवं होतं, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्यानंतर ती रविवारी बसमध्ये बसून कुठल्यातरी वस्तीत जाऊ लागली. तिथलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधायची, विचारायची, या जागेला तुम्ही काय म्हणता, का म्हणता, आणि अशी दुसरी जागा कुठे आहे का? नवरा शिंपी होता, मितभाषी, पण तोंडात सुई नसली की टोमणा मारायचा. “लोकांच्या बायका सुट्टीला माहेरी जातात. आमची भिंतीकडे जाते.”

दोन वर्षांपूर्वी कक्षात नवी यंत्रणा आली. फोन आला की नकाशा समोर उघडायचा. त्यात विभाग क्रमांक होते, रस्ता क्रमांक होते, लोकांच्या तोंडातली नावं मात्र नव्हती. यंत्रणेबरोबर नवे साहेबही आले, वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता, पण त्याला गोष्टींची धास्ती वाटायची. “ताई, गोष्टी घरी. इथे फक्त स्क्रीन,” एवढंच तो म्हणायचा. पत्तेवाली मान हलवायची. कधीकधी तिलाच वाटायचं, साहेबांचंच बरोबर असेल. स्क्रीन चुकली तर निदान रात्री उठून कोणी स्क्रीनला जाब विचारत नाही.

त्या दिवशी दुपारी सव्वातीनला फोन आला. बाई धापा टाकत बोलत होती.

“माझे सासरे पडलेत. पाय मोडलाय. हाड बाहेर दिसतंय, रक्त थांबत नाहीये.”

“घाबरू नका, मी आहे लाइनवर. कुठे आहात तुम्ही?”

“उलट्या हाकेला.”

मागे साहेब कानाला दुसरा फोन लावून ऐकत होते. ते पटकन पुढे वाकले. “उलट्या होतायत? मग आधी विषबाधा लिहा!”

“साहेब, जागेचं नाव आहे ते,” पत्तेवाली म्हणाली आणि तिचा डावा पाय हलायला लागला.

स्क्रीनवर अक्षरं आली : नोंद सापडली नाही.

“अंगावरचं एखादं कापड जखमेच्या वर घट्ट बांधा. आणखी घट्ट. ते ओरडले तरी चालेल. आता सांगा, आजूबाजूला काय दिसतंय?”

“दगड. झुडपं. मी खाली आहे, खोलात. रस्ता दिसत नाही इथून. हे नाव यांनीच सांगितलं, मला दुसरं काही माहीत नाही. माझा फोन आता...”

फोन बंद पडला. परत लावला तर लागेना.

टॉवरवरून एवढंच कळत होतं की बाई तीन किलोमीटरच्या एका वर्तुळात कुठेतरी आहे. वर्तुळाच्या मध्यावर नव्या वसाहतीचं फाटक होतं. साहेबांनी तिथे बोट ठेवलं. “नियम हाच आहे. मध्यावर पाठवा, तिथून शोधतील.”

पत्तेवालीची नजर वर्तुळाच्या कडेला गेली. तिथे नकाशावर नुसता करडा ठिपका होता. ती बंद पडलेली दगडाची खाण. उलटी हाक. बाबांच्या तोंडून तिने ऐकलेलं नाव. पण अशी दुसरी उलटी हाक कुठे असली तर? त्या बाजूच्या वस्तीत ती अजून गेलीच नव्हती. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणून ठेवलं होतं. पांढऱ्या भिंतीच्या वेळीही तिला अशीच, अगदी अशीच खात्री वाटली होती. 

“खाणीवर पाठवते, साहेब.”

“आणि चुकलं तर?”

“तर माझं नाव लिहा.”

तिने बटण दाबलं. 

सगळ्यात जवळची गाडी होती ती ‘गतिरोधक’ची. रुग्णाच्या पाठीला हिसका बसू नये म्हणून हा चालक रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यावर गाडी पार थांबवायचा, त्यावरून त्याला ते नाव पडलेलं. नेमका आज हाच, असं तिच्या मनात आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. नऊ मिनिटं गेली. त्यात तिने दुसरे दोन फोन घेतले. काय बोलली ते तिला नंतर आठवेना.

मग गतिरोधकचा आवाज आला. “ताई, खाणीच्या काठावर आहोत. सायरन बंद केलाय. बाईची हाक येतेय!”

ती श्वास सोडणार तोच तो पुढे म्हणाला, “उजवीकडून येतेय. आम्ही उजव्या वाटेने उतरतोय.”

“थांबा, दादा,” ती म्हणाली.

बाबांकडे उलट्या हाकेच्या तीन गोष्टी होत्या. पहिली सगळ्या घराला पाठ होती. खाणीत दगड फोडणाऱ्याची बायको रोज त्याला जेवण घेऊन यायची आणि तो खालून हाक मारायचा. एक दिवस हाक आली, ती आवाजामागे गेली आणि परत आली नाही. नवरा तर त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. दुसरी गोष्ट थट्टेची, कामगार एकमेकांची नावं उलटी करून हाका मारायचे म्हणून. आणि तिसरी बाबांनी एकदाच सांगितली होती, ती नऊ वर्षांची असताना, ताप चढलेला असताना, कपाळावरची पट्टी बदलत. ते खाणीच्या कचेरीचं मीटर वाचायला गेले होते. मुकादमाने खालून हाक मारली. बाबा आवाजाच्या दिशेने अर्धा तास उन्हात फिरले आणि मुकादम निघाला बरोबर समोरच्या बाजूला. मध्ये दगडमातीचा मोठा ढीग होता. सरळ येणारा आवाज तिथे अडायचा आणि पलीकडच्या कड्यावर आपटून परत यायचा.

हे बाबांनीच सांगितलं होतं ना? की तापात तिला भास झाला होता? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आता विचारायचं कोणाला?

“ताई, बोला. खाली माणूस पडलाय,” गतिरोधक म्हणाला.

“डावीकडून उतरा.”

“अहो, माझ्या कानाने ऐकतोय मी! उजवीकडून हाक येतेय.”

“म्हणूनच डावीकडून. त्या जागेचं नावच उलटी हाक आहे, दादा.”

 साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते.  गतिरोधक म्हणाला, “बरं. डावीकडे.” पुढची चार मिनिटं पत्तेवालीने घड्याळाच्या काट्यावर मोजली. नकाशा मोठा केला तेव्हा उजवी वाट लांबून वळसा घालून जाताना तिला दिसली. चूक झाली असेल तर परत वर येऊन तिकडून उतरायला अर्धा तास. अर्ध्या तासात कापड बांधलेला पाय...

“सापडले. दोघंही. डाव्या कड्याच्या पायथ्याशी आहेत. म्हातारबा शुद्धीवर आहेत.”

शेजारणीने टाळी वाजवली. पत्तेवालीने कानावरचं यंत्र काढलं, चप्पल शोधली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि खुर्चीत परत येऊन पुढचा फोन घेतला. कोणाचं तरी बोट दारात चेमटलं होतं.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला, मागावाच लागला त्यांना. तिने पानभर लिहिलं. ते वाचून साहेब म्हणाले, “तुमच्या वडिलांची ही तिसरी गोष्ट खरी कशावरून?”

“माहीत नाही, साहेब,” ती म्हणाली. ते खरंच होतं. बरोबर ठरलं एवढंच तिला कळलं होतं, का ठरलं ते नाही. नशिबाने लागलेला नेम पुढच्या वेळी चुकतो.

चौथ्या दिवशी ती इस्पितळात गेली. सून स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. म्हाताऱ्याचा पाय वर टांगलेला. ओळख सांगताच सुनेचे डोळे भरून आले, म्हाताऱ्याच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या.

“हिने हाका मारायलाच नको होत्या,” तो म्हणाला.

“मामा, आता पुरे,” सून म्हणाली आणि पत्तेवालीकडे वळली. “ताई, हे सव्वा वाजता पडले. दोन तास तसेच पडून होते. वरून गुराखी जात होता, ऐकू आलं असतं त्याला. पण यांनी तोंडातून ब्र काढला नाही. मी शोधत पोचले, ओरडायला लागले, तर माझ्या तोंडावर हात ठेवतात!”

“उलट्या हाकेला हाक मारत नाहीत,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “मारली की आपलं माणूस तिकडे ओढलं जातं. माझ्या आईने सांगितलंय. ही एकुलती एक सून आहे मला.”

पत्तेवाली पलंगाच्या कडेला बसली.  जेवण घेऊन आलेल्या बायकोची ती गोष्ट तिने स्वतः किती जणांना सांगितली होती! भाचरांना, पुतण्यांना, आवाज बारीक करून, मुलांनी पांघरुणात तोंड लपवावं म्हणून. तिसरी कधीच सांगितली नव्हती. तिच्यात मजा नव्हती ना.

“आजोबा, हाक मारली म्हणूनच गाडी पोचली,” ती कसंबसं म्हणाली.

म्हाताऱ्याने विचारलं, “तुम्ही स्वतः गेलात तिथे कधी?”

ती गेली नव्हती.

रविवारी तिने नवऱ्याला बरोबर घेतलं. त्याला डाव्या कड्याखाली उतरवलं आणि आपण काठावर उभी राहिली. शिंप्याला लाज वाटत होती. मोकळ्या जागेत ओरडायचं म्हणजे ओरडायचं काय? बराच वेळ काहीच आलं नाही. तिला वाटलं, घसरला की काय. पायवाट नीट दाखवली होती ना आपण? ती खाली धावणार एवढ्यात उजवीकडच्या, पार रिकाम्या कड्यावरून नवऱ्याचा आवाज स्वच्छ आला, “छाती अडतीस! कंबर बत्तीस!”

ती तिथेच दगडावर बसली आणि रडली. त्याने वर येऊन विचारलं, “काय झालं? माप चुकलं?”

साहेबांनी महिन्याभरात यंत्रणेत एक नवा रकाना उघडून घेतला : लोक काय म्हणतात. खुलासा त्यांनी वर पाठवला की नाही, ते तिने विचारलं नाही. उलट्या हाकेपुढे तिने लिहिलं : ‘आवाज समोरच्या कड्यावरून परत येतो. ऐकू येईल त्याच्या विरुद्ध बाजूने उतरा. खाली अडकलेल्याला सांगा, हाका मारत राहा.’ बायकोची गोष्ट लिहिली नाही. मग तीनशेहून जास्त नावं उरली. ऐकलेली, लिहिलेली, पण स्वतः जाऊन न पाहिलेली. त्यातलं एक जरी चुकीचं असलं तर? आता तर ते स्क्रीनवर दिसणार होतं, आणि स्क्रीनवर सगळ्यांचा विश्वास होता. तिने एकेक तपासायला घेतलं. नवऱ्याचे रविवार गेले ते गेलेच.

नावं तपासत फिरताना तिने म्हाताऱ्यालाही यंत्राबद्दल सांगून आपला नंबर दिला होता. पावसाळा संपताना एका सकाळी घरच्या फोनवर त्याचा आवाज आला. “आजोबा, काय झालं? कुठे आहात? पडलात का?”

“घरीच आहे. काठी घेऊन चालतोय आता,” तो म्हणाला. “ते तुमचं यंत्र आहे ना, त्यात ‘नवरदेवाचा खड्डा’ लिहिलाय का तुम्ही?”

“लिहिलाय. गिरणीमागचा.”

“तो एक झाला. दुसरा?”

“दुसरा?” पत्तेवालीने हाताला लागेल तो कागद ओढला. तो नवऱ्याचा कापडावर आखायचा नमुना होता. “आजोबा, सावकाश सांगा. अगदी सावकाश. कुठून वळायचं?”