याडीला पसंत पडेल असं तळघर

दुकानातून सिमेंट जातं, सळई जाते, रंगाचे डबे जातात. किस्से मात्र कोणी घेऊन जात नाही! ते काउंटरभोवतीच साचत राहतात. कळमनुरीत नांदेड रोडला माझं हार्डवेअरचं दुकान. शिक्षण म्हणाल तर जेमतेम; शाळेनं सोडलं तिथून पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट अशी, की माणूस घर बांधताना गावभर विचारत फिरतो, पण तळघर दुरुस्त करताना कोणालाच विचारत नाही. जमिनीखालचं कोण बघतंय, असा त्याचा हिशेब! म्हणून माझ्याकडे तळघराचे किस्से सगळ्यात जास्त. आणि त्यातले निम्मे एकट्या थावरूचे.

थावरू राठोड माझा जुना दोस्त, साखऱ्याकडच्या तांड्यावरचा. हळदीनं हात दिला तसं लेकरांच्या शाळेसाठी त्यानं कळमनुरीत एक जुनं घर घेतलं. वर पत्रे, खाली तळघर. आधीचा मालक त्यात ज्वारी भरून ठेवायचा.

थावरूची आई तांड्यावरच होती. बंजारा लोक आईला याडी म्हणतात. आम्हीही सगळे तिला याडीच म्हणायचो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळं धुकं. डॉक्टर म्हणाले, "पिकलाय. फार थांबू नका. आणि ऑपरेशननंतर धूळ नको, धूर नको, ऊन नको." तांड्यावर या तिन्ही गोष्टी भरपूर! म्हणजे राहायचं तर थावरूकडेच. पण याडी आदल्या उन्हाळ्यात तिथं राहून पळून गेली होती. तिनं साफ सांगितलं, "तुह्या पत्र्याखाली मी पापडावानी भाजते. आधी थंड जागा दाखव, मंग डोळ्याला हात लावू देते!"

थंड जागा म्हणजे तळघर. थावरू कामाला लागला.

*

मार्चच्या सुरुवातीला थावरू दुकानात आला. "शेठ, वॉटरप्रूफ रंग द्या. खालच्या भिंतीला ओल हाय."

मी विचारलं, "ओल येते कुठून, ते पाहिलंस का?"

"रंग लावल्यावर दिसणारच न्हाई ना!"

मी म्हणालो, "अरे, तापानं फणफणलेल्या पोराला पावडर लावून शाळेत धाडतोस का? आधी पाणी शोध." पण ऐकेल तो थावरू कसला! मग दिला रंग. मी दुकानदार आहे, कीर्तनकार नाही.

काम हट्ट्याच्या रज्जाक मिस्त्रीकडे होतं. त्यानं हात असा फिरवला की भिंत काचेसारखी चमकायला लागली. थावरूची बायको शांताबाई, तिनं खाली अगरबत्ती लावली, वर अत्तर शिंपडलं. मग जीप धाडून याडीला आणलं. आम्ही सगळे मागे उभे.

"याडी, बघ कशी चकाचक केली!"

याडीनं भिंतीकडे तोंडसुद्धा वळवलं नाही. नाक तेवढं वर केलं, हुंगलं, परत हुंगलं आणि म्हणाली, "इथं कोनाचं धोतर वाळायचं राह्यलं रे?"

जीपवाल्याचा चहा संपायच्या आत याडी जीपमध्ये बसली होती!

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आपलं गिऱ्हाईक अवघड आहे. आम्ही खोली सजवत होतो डोळ्यांसाठी, आणि राहणारी बघणार होती नाकानं, कानानं आणि पायानं. असल्या गिऱ्हाइकाला माल खपवता येत नाही. मी धंद्यातला माणूस, मला विचारा!

*

रंगाचे पापुद्रे निघायला लागले. पण गंमत अशी, की भिंत सारखी ओली नसायची. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली की भिंत कोरडी. लाइट आली की थोड्या वेळात भिंतीला घाम!

रज्जाक मिस्त्री हात लावायला घाबरला. "सेठ, इस दीवार में करंट है क्या?"

शांताबाईनं भिंतीला हळद-कुंकू लावलं. शेजारी जोशीबुवा राहायचे, देवळातले पुजारी. बोलावणं गेलं की सल्ला तयार, आणि नाही गेलं तरी तयार! बुवा खाली उतरले. लाइट नव्हती म्हणून सुकत आलेल्या ओघळाला बोट लावलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"गोड पाणी आहे! थावरू, भाग्यवान आहेस. लोकं गंगेला जातात, तुझ्याकडे गंगा आली."

थावरू डोकं खाजवत म्हणाला, "बुवा, पन गंगा लाइटच्या टायमानं काहून येऊन राहिली?"

बुवांनी त्याला अश्रद्ध ठरवलं, भिंतीला फूल वाहिलं आणि लाइट आली म्हणून घाईघाईनं घरी गेले. पाणी भरायचं होतं त्यांना. इकडे रज्जाक मिस्त्री भिंतीला कान लावून उभा. पलीकडे घर्र्र करून मोटर सुरू झाली आणि मिस्त्रीचा चेहरा उजळला! तसाच तो वर पळाला, कंपाउंडवर चढला आणि पलीकडच्या अंगणातल्या जमिनीतल्या हौदात डोकावला. मोटरनं पाणी चढत होतं आणि हौदाच्या काठाखाली ही एवढी चीर, थेट थावरूच्या भिंतीच्या बाजूला.

"बुवा!" मिस्त्री वरूनच ओरडला, "ये गंगा तो आपके घर की है!"

बुवा मोटर बंद करत शांतपणे म्हणाले, "म्हणूनच म्हणालो ना, पाणी गोड आहे!"

*

हौद दुरुस्त झाला, भिंत वाळली. पण थावरूच्या मनातलं पाणी काही वाळेना. त्यानं ठरवलं, जमीनच उंच करू. म्हणजे उद्या पाणी आलंच तर फरशीच्या खाली राहील.

मी सांगितलं, "थावरू, वरच्या खोलीत उंची कमी पडली तर पत्रे उचलता येतात. तळघराचं छत म्हणजे तुझीच वरची जमीन. ती कुठं उचलणार?"

"काई होत न्हाई शेठ!"

मुरूम पडला, काँक्रीट पडलं, फरशी बसली. थावरू अंगानं उंचपुरा. पाहणीला उतरला आणि पहिल्याच तुळईनं त्याचं स्वागत केलं. मागून मी. माझ्यामागून बुवा, त्यांची तर टोपीच खाली गेली. कपाळ चोळत ते म्हणाले, "बरं केलंस! याडीच्या पाया पडायला आता वेगळं वाकायला नको."

परत जीप धाडून याडीला आणलं. याडी ठेंगणी. ती ताठ मानेनं दारात आली. आम्ही तिला खोली दाखवायला इकडून तिकडे, तिकडून इकडे. टक्! टक्! परत टक्!

याडी दारातच थबकली. "नारळ काहून फोडून राहिले रे? पूजा हाय का?"

थावरू डोकं धरून म्हणाला, "नारळ न्हाई याडी. बुवा हायेत."

*

काँक्रीट फोडून जमीन परत खाली नेली. ते काम करताना मिस्त्री ज्या भाषेत बोलत होता ती इथं लिहिण्यासारखी नाही.

आता थावरूची नजर झरोक्यांवर गेली. रस्त्याच्या बाजूला जुने झरोके होते. त्यातून फुफाटा यायचा, मांजरं यायची. डॉक्टर म्हणाले होते धूळ नको. थावरूनं झरोके विटा लावून बंद करून टाकले! मी म्हणालो, "धूळ बंद केलीस ते ठीक. पण हवा कुठून येणार?"

"जिन्यातून येईल की!"

"आणि आलेली जाणार कुठून?"

थावरू उत्तर शोधेपर्यंत बुवांनी मुहूर्त शोधला. ते म्हणाले, "एवढी मोडतोड झाली, वास्तुशांत करून घे." थावरू म्हणाला, होम वर अंगणात करू. बुवा अडून बसले, "शांत तळघराची आणि होम अंगणात? वास्तूला कळायचं कसं?"

होम तळघरात पेटला. समिधा थोड्या ओल्या होत्या, तूप भरपूर होतं. बुवांचा आवाज चढत गेला तसा धूरही चढत गेला. आधी शांताबाई पदर तोंडाला लावून वर आली. मग तांड्यावरचे पाहुणे. मग मी. थावरू यजमान, तो बिचारा स्वाहा म्हणायला तोंड उघडायचा आणि खोकायचा. शेवटी जिन्यातून बुवा अवतरले. हातात पळी, डोळ्यांना धारा, आणि मंत्र चालूच!

याडी वर ओट्यावर बसली होती. तिला काही दिसत नव्हतं. नाक ओढल्याचे, हुंदके दिल्यासारखे आवाज तेवढे चहूकडून येत होते.

"कोन गेलं रे?" तिनं घाबरून विचारलं.

"कोनी न्हाई याडी," थावरू डोळे चोळत म्हणाला, "डोळ्यांत धूर गेला. कोनालाच दिसेना झालंय."

याडीनं नाकाला पदर लावला. मग म्हणाली, "थावऱ्या, खरं सांग. आपरेशन माहं हाय का तुमचं?"

*

झरोके उघडले, त्यांना बारीक जाळी बसवली. हवा खेळायला लागली. मग राहिला पलंग.

थावरूनं सागवानी पलंग करून घेतला, डोक्याकडच्या फळीवर मोर काढलेला. मी विचारलं, "जिन्याचं वळण मोजलंस का?" तो म्हणाला, "पलंग मोजलाय!"

खालच्या टोकाला थावरू, वरच्या टोकाला रज्जाक मिस्त्री. वळणावर पलंग जो अडकला तो ना वर येईना, ना खाली जाईना. वर आम्ही सगळे, आणि तळघरात थावरू एकटा! सुतार आठवडी बाजाराला गेलेला, करवत त्याच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप.

दुपार झाली. बाहेर ऊन रणरणत होतं. शांताबाईनं जाळीचं एक टोक उचकटून भाकरी आणि ठेचा आत सोडला. मला वाटलं, माणूस आत घाबरला असेल. झरोक्याशी तोंड नेऊन मी ओरडलो, "थावरू, धीर धर! सुतार येऊन राहिला!"

आतून आवाज आला, "घाई नका करू शेठ! लई थंड हाय इथं. अन् शांताची नुसती भाकर येती, बोलनी येत न्हाईत!"

शांताबाईनं मला बाजूला सारलं, झरोक्यापाशी वाकली आणि म्हणाली, "जाळी त्याच्यासाठीच उघडी ठिवलीय!"

त्यानंतर सुतार येईपर्यंत थावरूला एकटं वाटलं नाही.

*

सुतारानं पलंग कापून खाली नेला, तिथं परत जोडला. ऊन आणखी चढलं तसा डॉक्टरांचा निरोप आला. आता आणखी लांबवलं तर आमच्या हातात काही राहणार नाही. थावरूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो दुकानात येऊन नुसताच बसायचा. "शेठ, या टायमाला न्हाई म्हणली तर?"

याडी आली. उतरताच जीपवाल्याला म्हणाली, "थांब रे, लगीच माघारी जायचंय."

तिनं कोणाचा हात धरला नाही. भिंतीवर तळवा ठेवून एकेक पायरी उतरली. खाली गेली. हुंगल्याचा आवाज आला. चालल्याचा आला. पलंग करकरला. मग काहीच नाही.

आम्ही जिन्याच्या तोंडाशी कान लावून. बुवा काहीतरी पुटपुटत होते. मिस्त्री उगाच पायरीवरची माती झटकत होता. बाहेर जीपवाला कंटाळला. त्यानं हॉर्न दिला, परत दिला. थावरूनं एक पाय जिन्यावर ठेवला तेवढ्यात खालून जडावलेला आवाज आला.

"थावऱ्या, त्या जीपवाल्याला म्हनाव, बोंबलू नको. लोकं झोपलेत!"

थावरू जीपवाल्याच्या गळ्यात पडला. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही काहून.

*

याडी नांदेडला दवाखान्यात गेली. शांताबाई सोबत होती. दोन्ही डोळ्यांचं व्हायचं म्हणून मुक्काम लांबला. इकडे थावरू मोकळा. माझ्याकडे आला आणि रंगाचं पुस्तक उघडून बसला.

मी म्हणालो, "तळघराला पांढरा दे. उजेड कमी, पांढऱ्यानं खोली मोठी दिसते."

"पांढरं काहून? पांढरं तर तिला मोतीबिंदूतबी दिसत होतं!"

मी डबे काढायला लागलो. थावरूनं भिंती वाटून घेतल्या. एक लालभडक, एक पोपटी, एक पिवळी, जिन्याकडची जांभळी. छत आभाळी. मिस्त्री ब्रश बुडवताना माझ्याकडे बघायचा आणि मी रस्त्याकडे. थावरू मात्र खुशीत. "इतक्या वर्सांनी उघड्या डोळ्यांनी बघनार ती. बघन्यासारखं तर पाहिजे!"

याडी आली. डोळ्यांवर काळा चष्मा, डॉक्टरांनी थोडा थोडा वेळ काढायची परवानगी दिलेली. थावरू तिला स्वतः खाली घेऊन गेला. पलंगावर बसवलं. मागे आम्ही सगळे. थावरूनं ट्यूबलाइट लावली आणि हळूच तिचा चष्मा काढला.

याडीनं लाल भिंत पाहिली. पोपटी पाहिली. पिवळी पाहिली. वळून जांभळी पाहिली. वर आभाळाकडे पाहिलं. मग बराच वेळ थावरूच्या तोंडाकडे पाहत राहिली. थावरूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"याडी, दिसलं का?"

"दिसलं."

"समदं?"

"समदं."

थावरू चष्म्याची काडी उघडमीट करत राहिला. "मंग... तांड्यावर जाती का?"

"जाऊ काहून?" याडी पलंगावर आडवी झाली. "लाइट बंद कर, खोली चांगली हाय!"