बारा वर्षं ‘चालू’ असलेली पदवी

माझी भाची इस्पितळात चादरी-कपड्यांचं कोठार सांभाळते. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा कॉलेज सोडून लागली, ती तिथेच. आता दुसऱ्या, मोठ्या इस्पितळात कोठारप्रमुखाची जागा निघाली, म्हणून बायोडेटा घेऊन माझ्याकडे आली. पहिलीच ओळ, ‘पदवी : शिक्षण चालू.’

“बारा वर्षं चालू? धरण बांधतेयस का?”

“मावशी, अर्धवट लिहिलं तर दारातूनच हाकलतील गं.”

“आणि खोटं पकडलं तर मिठी मारतील?”

मी ती ओळ खोडली. वर तिचं काम लिहायला लावलं. रोज चारशे चादरी, हाताखाली सहाजणी, आणि प्रत्येक वॉर्डाच्या चादरीला वेगळ्या रंगाचा टाका घालायची तिची युक्ती, जिच्यामुळे चादरी हरवायच्या थांबल्या. शिक्षण अगदी शेवटी, खरं तेवढंच : दोन वर्षं पूर्ण, तिसरं सोडलं.

मुलाखतीत मेट्रनबाई अर्धा तास त्या टाक्यांबद्दलच विचारत होत्या. मग बोट शेवटच्या ओळीवर आलं.

“तिसरं वर्ष सोडलंत?”

“हो.”

“बरं. सोमवारपासून याल?”

बाहेर पडताच तिचा फोन आला. “मावशी, एवढंच विचारलं गं! ह्यासाठी मी बारा वर्षं घाबरत होते?”

“होतीस खरी. आता आधी पोटभर जेव. सकाळपासून घास उतरला नसेल तुझ्या घशाखाली.”